खरी नक्कल

१

निवृत्त झाल्यावर काय करायचं नाही, याची यादी त्याने नोकरीत असतानाच करून ठेवली होती. पहाटे उठून मैदानावर हसायला जायचं नाही. नातेवाइकांना न विचारता सल्ला द्यायचा नाही. आणि प्रौढांसाठी म्हणून जे जे वर्ग चालतात त्यांपैकी कशातही नाव घालायचं नाही. पहिली दोन कलमं त्याने पाळली. तिसरं बायकोने मोडलं. तिने फॉर्म आणला, दोघांचाही भरला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. चौतीस वर्षं पुढे आलेल्या कागदावर सही करण्यात गेली होती. हात आपोआप चालला.

वर्गाचं नाव होतं ‘चित्रपरंपरांची वाटचाल’. दर गुरुवारी दुपारी चार ते साडेपाच, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. खोलीत लोखंडी खुर्च्यांच्या चार रांगा, भिंतीवर पांढरा पडदा, कोपऱ्यात एक पत्र्याचं कपाट, आणि चित्रं दाखवायचं एक यंत्र, जे चित्रांपेक्षा घरघर जास्त दाखवायचं. चित्रं नीट दिसावीत म्हणून खिडक्यांचे जाड पडदे ओढलेले असत. विद्यार्थी बारा. त्यात सर्वांत तरुण होती ती नर्स, आणि तिलाही नातवंडं होती.

पहिल्याच दिवशी एका शिंप्याने त्याला विचारलं, “तुम्ही ऑफिसात होतात ना? दिसतंच. हेडक्लार्क?” हेडक्लार्कचं पद त्याच्या हातून दोनदा निसटलं होतं, पण शिंप्याला ते कसं माहीत असणार? त्याने मापं न घेताच कोट शिवला, आणि तो वर्गभर चालला.

बायको पहिल्या रांगेत बसली. “घरी एकेचाळीस वर्षं तुमच्या शेजारी बसलेय,” ती म्हणाली, “इथे जरा पुढे जाते.” तो मागच्या रांगेत, दाराजवळ बसला. मागच्या रांगेतून जग पाठमोरं दिसतं, पण निवांत दिसतं, असं त्याचं मत होतं.

शिकवणाऱ्या बाई उंच, सडपातळ, केस आखूड कापलेल्या. त्या पडद्याकडे बघत बोलायच्या. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ यायचा.

२

बाईंचा विषय एकच होता: चित्रं बदलतात कशी. त्यांनी एका घोड्याचं चित्र दाखवलं. मग त्या चित्रकाराच्या शिष्याने काढलेला तोच घोडा. मग शिष्याच्या शिष्याने काढलेला. दीडशे वर्षांत घोड्याची मान हंसासारखी झाली, डोळा मासोळीसारखा झाला आणि पाय जमिनीला लागेनासे झाले.

“यातल्या एकानेही मुद्दाम काही बदललेलं नाही,” बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “प्रत्येकाने समोरचं जसंच्या तसं काढलं. परंपरा म्हणजे शिस्तीत केलेली चूक.”

मागच्या रांगेत त्याला हे झोंबलं. त्याची सगळी नोकरी नकलांच्या शाखेत गेली होती. जुने दस्त उतरवून घ्यायचे, मुळाशी ताडून पाहायचे आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सही करायची. मक्षिकास्थाने मक्षिका हा दुसऱ्यांच्या चेष्टेचा विषय असेल, त्याच्या शाखेत तो नियम होता. मूळ कागदावर माशी मेलेली असेल तर नकलेतही ती मेलेलीच दाखवायची, उडती दाखवली तर खुलासा द्यावा लागे.

“आपण हे करूनच बघू,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी एक चित्र पडद्यावर आणलं.

एक खोली. डाव्या हाताला खिडकी, एक टेबल, मागे कोरी भिंत. खुर्चीवर एक माणूस आपल्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसलेला. केस मानेवर बांधलेले, त्यामुळे बाई की पुरुष ते कळत नव्हतं. बसणं इतकं सरळ की एकही कान दिसत नव्हता. कोणी काढलं, कधी काढलं, बाईंनी सांगितलं नाही. मिनिटभराने चित्र गेलं.

नियम सोपा होता. पहिल्याने हे चित्र घरी न्यायचं आणि पेन्सिलीने त्याची नक्कल करून पुढच्या गुरुवारी आणायची. दुसऱ्याने मूळ चित्र बघायचं नाही, पहिल्याच्या नकलेवरून नक्कल करायची. तिसऱ्याने दुसऱ्याच्या. काम झालेला कागद पाकिटात आणि पाकीट कपाटात. बाराव्या आठवड्यात सगळे कागद ओळीने भिंतीवर लावायचे.

“मी शेवटी,” तो म्हणाला. शेवटची सही आपली असावी ही जुनी हौस.

“मग मी अकरावी,” बायको पुढून म्हणाली. “माझ्या चुका घरातल्या घरात राहतील.”

वर्ग हसला. तोही हसला, पण मनाशी त्याने ठरवून टाकलं होतं. बाराव्या कागदात एका रेघेचाही फरक पडणार नाही. बाई मग खुशाल घोड्यांकडे बघत बसू देत.

३

मधल्या सुट्टीत जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत चहा असे. नकला सुरू झाल्यानंतरच्या पाचव्या गुरुवारी तो कप घेऊन उभा होता तेव्हा शिंप्याने त्याला हटकलं.

“काय हेडक्लार्क, बिस्किटांची पण नोंद ठेवता काय? तिसरं चाललंय.”

त्याने वळून पाहिलं. शिंपी त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. काचेत दिसलं असेल, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की खिडकी उघडी आहे.

“मागेही डोळे आहेत वाटतं तुम्हाला,” तो म्हणाला.

“मागे कशाला? तुम्ही समोरच तर आहात,” शिंपी हसत म्हणाला, आणि तसाच उभा राहून चहा प्यायला. कप वर गेला, खाली आला, मानेमागचे पांढरे केस हलले. त्या शिंप्याची तिसऱ्या नंबरची नक्कल दोन आठवड्यांपूर्वीच कपाटात गेली होती. पण हा हिशेब तेव्हा कोणी केला नव्हता.

काही माणसांना बोलताना समोर बघायची सवय नसते. त्याचा एक साहेब आयुष्यभर पेपरवेटशी बोलला. त्यामुळे त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

आठव्या गुरुवारी मात्र त्याने एक गोष्ट पाहिली आणि कप तसाच ठेवला. सहा-सातजण गोल करून उभे होते आणि कशावर तरी मोठ्याने हसत होते. माणसं गोलात उभी राहून एकमेकांशी बोलत असली की अलीकडच्यांच्या पाठी दिसतात आणि पलीकडच्यांचे चेहरे. इथे पलीकडच्यांच्याही पाठीच दिसत होत्या. नर्स हात हलवून काहीतरी सांगत होती, बाकीचे माना डोलावत होते, आणि तो जिन्याच्या कठड्याशी उभा राहून सात मानगुटी मोजत होता.

घरी जाताना त्याने बायकोला सांगितलं.

“तुम्ही बसता सगळ्यांच्या मागे,” ती म्हणाली. “पाठी नाही दिसणार तर काय दिसणार? पुढे या एकदा.” चालता चालता तिने त्याच्याकडे बघितलं आणि वर असंही म्हणाली, “आणि डोळे तपासून घ्या.”

तिने बघितलं होतं. एवढं त्याला पुढे नक्की आठवत होतं. कसं बघितलं, ते मात्र नाही.

४

दहावा कागद घरी आला तो खाकी पाकिटात. बायकोने जेवणाचं टेबल पुसून त्यावर तो ठेवला आणि चष्मा चढवला.

त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि त्याच्या तोंडून “अरेच्चा” निघालं. खोली तीच होती, खिडकी थोडी अरुंद झाली होती, टेबलाचा एक पाय तोकडा पडला होता. ते सगळं बाईंच्या घोड्यासारखं समजण्याजोगं होतं. पण खुर्चीवरचा माणूस सरळ बसलेला नव्हता. मान वळली होती. उजवा कान दिसत होता, कानापुढे गालाची कड, आणि कडेच्या पलीकडे नाकाचं टोक असावं असा एक ठिपका.

“मुळात कान नव्हता,” तो म्हणाला.

“दहाजणांनी थोडा थोडा आणला असेल. मुंगीने मेरू हलवला म्हणतात तसं.”

“चुका अशा होत नाहीत. दहाजण चुकले तर दहा दिशांना चुकतील. एकाच बाजूला ओळीने कोण चुकतं?”

“तुमच्या ऑफिसात चुकत होते की. सगळे साहेबाच्या बाजूला.” तिने पेन्सिल उचलली. “आता तोंड मिटा आणि मला करू द्या. शनिवारी नाहीतर तुम्हीच विचाराल, झालं का म्हणून.”

तिला चांगलं काढता यायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन दुपारी ती टेबलाशी बसली. तो बाहेरच्या खोलीत वाचत बसला. आतून पेन्सिलीचा आवाज येत राही, तांदळात बोटं फिरवल्यासारखा. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आवाज थांबला.

“झालं,” ती म्हणाली. “या, तपासा.”

तो पट्टी घेऊनच गेला. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाकला. खिडकी बरोबर. टेबल बरोबर, तोकड्या पायासकट. तिने खरोखर डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. फक्त त्या माणसाची मान आणखी वळली होती. गाल आता पुरता दिसत होता, नाकाची रेघ दिसत होती. थोडं आणखी वळलं असतं तर तो आपल्याकडे बघणार होता.

“हे इथे चुकलंय,” पट्टी टेकवत तो म्हणाला.

“होतं तसंच काढलंय मी. अगदी तसंच.”

बोलताना तिने मान वर केली असणार. त्याचं लक्ष कागदाकडे होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसली होती, दाराकडे पाठ करून. समोर दोन कप.

“या, गार होतोय,” ती म्हणाली.

तो येऊन नेहमीच्या जागी बसला. ती जागा तिच्या समोरची. बसला, कप ओढला, वर पाहिलं. समोर तिचा अंबाडा होता, त्यात खोचलेले तीन आकडे, आणि मानेवर सुटलेली एक बट.

त्याला वाटलं, ती खुर्ची फिरवून बसलीय. तो खुर्चीकडे बघत राहिला. खुर्चीची पाठ पलीकडे होती, जिथे असायला हवी तिथे. तिचे कोपर टेबलावर होते. हात कपाभोवती होते.

“इकडे बघ ना,” तो म्हणाला.

“अहो, तुमच्याकडेच तर बघतेय.”

तो उठला. टेबलाच्या कडेकडेने चालू लागला. एखाद्या गोष्टीची बाजू बदलली की तिची दुसरी बाजू दिसते, यावर त्याचा आजवर विश्वास होता. आता कान येईल, मग गाल, मग चष्म्याची दांडी. दोन पावलं टाकली, अंबाडा. आणखी दोन, अंबाडा, तीन आकडे, सुटलेली बट. तो फिरून आपल्या खुर्चीपाशी आला. ती जागची हललीही नव्हती.

“देऊळ समजलात की काय मला?” ती म्हणाली. “प्रदक्षिणा पुरे. चहा घ्या.”

त्याने चहा घेतला.

सोमवारी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. सगळ्या ओळी वाचल्या. डॉक्टरचा चेहरा दिसला, पावती देणाऱ्या बाईचा दिसला, रस्त्यावर झाडून सगळ्यांचे दिसले. डाव्या डोळ्याचा नंबर पावने वाढला होता. पावने वाढलेल्या नंबरात बायकोचा चेहरा मावत नाही, हे त्यालाही पटत होतं. मग दोष डोक्यात असेल. वय झालं, होतं कधी कधी. घरी येईपर्यंत त्याने जवळपास मान्य केलं होतं की आपल्याला भ्रम झालाय, आणि त्या विचाराने त्याला बरंच हलकं वाटलं.

बुधवारी सकाळी दूर राहणाऱ्या लेकीचा फोन आला, चेहरा दिसतो तो. बायकोने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसली. दोघींचं बोलणं सुरू झालं. तो दारात उभा राहून ऐकत होता.

“आई, बाबा आहेत का गं?” पाचेक मिनिटांनी लेक म्हणाली.

तो पुढे झाला. लेकीचा चेहरा फोनमध्ये छोटासा दिसत होता. ती हसत होती, पण कपाळावर आठी होती.

“बाबा, आईला जरा इकडे तोंड करून बसायला सांगा ना. मघापासून तिचा अंबाडाच दिसतोय.”

“बघतेच आहे की,” बायको म्हणाली. “या फोनलाच काहीतरी झालंय.”

“हो,” तो म्हणाला. “फोनलाच झालंय.”

भ्रम गेला होता. त्याची जागा घ्यायला दुसरं काही नव्हतं.

६

गुरुवारी तो साडेतीनलाच वाचनालयात गेला. बायकोला म्हणाला, तू मागून ये. तिचं पाकीट त्याने काखेत मारलं होतं.

खोलीत बाई एकट्याच होत्या. कपाटाशी उभ्या राहून पाकिटं लावत होत्या.

“या, हेडक्लार्क,” त्या कपाटाकडे बघत म्हणाल्या. “आज तुमची पाळी सुरू.”

बाईंचा चेहरा आपण शेवटचा कधी पाहिला, हे तो आठवू लागला. फॉर्म घेताना त्या खाली बघत होत्या. शिकवताना पडद्याकडे. तो दारातच थांबला. जवळ जाऊन, बाजूने बघायची इच्छा त्याने दाबली. एकदा बघून झालं होतं.

“मला आधीचे सगळे कागद बघायचेत,” तो म्हणाला.

“बारावा झाला की सगळ्यांनाच दाखवणार आहे.”

“आणि बारावा झालाच नाही तर?”

बाईंचे हात थांबले. बाहेर खाली कोणीतरी वाचनालयाच्या दाराची फळी ओढली, तिचा आवाज आला.

“तर जे जिथे आहे ते तिथेच राहील,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. थोडी कणव असावी. “परंपरा अशाही थांबतात. पण तुम्ही काम अर्धवट सोडणाऱ्यांतले वाटत नाही.”

“माझ्या बायकोचा चेहरा,” तो म्हणाला, आणि त्याला पुढचं वाक्य सुचेना. अर्जात विषय लिहून झाला होता आणि मजकूर नव्हता.

“घरी न्या आणि काढा,” बाई म्हणाल्या. “जसं दिसेल तसं. एवढंच मी सगळ्यांना सांगते.”

तो त्याच पावली परतला. जिन्यात त्याला शिंपी भेटला. तो वर येत होता. पायऱ्या चढणाऱ्या माणसाची पाठ वरून दिसत नाही, समोर येणाऱ्याचं तोंड दिसतं. शिंप्याची मानगूट एक एक पायरी वर आली, “काय, आज दांडी?” म्हणाली, आणि त्याच्या शेजारून गेली.

७

शुक्रवारी सकाळी त्याने कोरा कागद टेबलावर टाचण्यांनी बसवला, शेजारी अकरावी नक्कल ठेवली, आणि विचार केला.

ऑफिसात कागद हरवत नाही, तो चुकीच्या फायलीत जातो. चौतीस वर्षांत हे तत्त्व एकदाही खोटं ठरलं नव्हतं. बायकोचा चेहरा हरवला नव्हता, कुठेतरी गेला होता. चित्रातल्या माणसाची मान अकरा कागदांत इथवर आली होती. बाराव्या कागदावर तो तोंड दाखवणार होता. कोणाचं, ते अजून ठरलेलं दिसत नव्हतं. जिथे ठरलेलं नसतं तिथे ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क. बाकीच्या दहाजणांच्या घरची माणसं पट्टी घेऊन बसली नव्हती, हा काही त्याचा दोष नव्हता.

आणि काढणाऱ्याचं जे होतं ते आपलंही होणार की काय? त्यावरही त्याने विचार केला. हे सगळे नक्कल करत होते. तो नक्कल करणारच नव्हता. तो नवा मसुदा करणार होता. नक्कल वेगळी, मसुदा वेगळा, वरिष्ठांनीही हे कधी अमान्य केलं नव्हतं. शिवाय आपल्या चेहऱ्यावाचून फारसं कोणाचं अडलेलं नाही, हे तो दाढी करताना रोज पाहत आला होता.

त्याने खोली काढली. खिडकी काढली. टेबल, खुर्ची, सरळ पाठ होती तिथे आता समोरून खांदे, मांडीवर हात. मानेपर्यंत आला. मान पूर्ण समोर वळवली, लंबगोल आखला आणि पेन्सिल टेकवली.

काहीच आलं नाही.

एकेचाळीस वर्षं. तिचा आवाज त्याला डोळे मिटून ऐकू येत होता. तिची पावलं, जिना चढताना दुसऱ्या पायरीवर थांबणं, हाताची बोटं, भाजल्याचा डाग. चेहरा म्हटलं की वर्तमानपत्राच्या पलीकडे काहीतरी उजेड असल्यासारखं वाटे, बस. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्याने जाऊन पाहिलं. फोटोत तो समोर बघत होता, भित्रा, कोट घातलेला. शेजारी तिचा अंबाडा होता.

तो पुन्हा टेबलाशी आला. ती आत भांडी लावत होती.

“जरा बाहेर ये,” तो म्हणाला. “समोर बस.”

ती आली, बसली. तीन आकडे, सुटलेली बट.

“आता तुझा चेहरा सांग. वरून सुरुवात कर.”

“सांगू काय त्यात? समोर बसलेय, बघून काढा की.”

“मला तोंडी मजकूर घ्यायची सवय आहे. तू सांग, मी उतरवतो.”

ती हसली. “बरं. लिहून घ्या साहेब. कपाळ मोठं. मधोमध एक उभी आठी. ती तुमची देणगी.”

त्याने काढलं.

“नाक वडिलांचं. शेंड्याला जरा बसकं. गाल होते, आता उतरलेत. वरच्या ओठावर तीळ.”

“कुठल्या बाजूला?”

“डाव्या.”

“तुझ्या डाव्या की माझ्या?”

“माझ्या हो. तीळ माझा आहे.” ती सांगत गेली. “खालचा ओठ जाड. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, हसले की दिसतो. हनुवटीखाली टाक्याची खूण आहे, आठवीत सायकलवरून पडले होते.”

“हे तू कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

त्याने खूण काढली. तिचं वजन त्याच्या बोटांना जाणवलं. रेघेमागून रेघ कागदावर कोणीतरी ओळखीचं येत होतं, आणि तो घाईघाईने, पण एकही शब्द न गाळता उतरवत होता. गालांच्या सुरकुत्या, कानाची भोकं, भुवया विरळ, उजवी किंचित वर.

“डोळे?” त्याने विचारलं.

“डोळ्यांचं मी काय सांगू? लग्न ठरलं तेव्हा तुम्ही काहीतरी म्हणाला होतात माझ्या डोळ्यांबद्दल. खिडकीत उभे होतो आपण. ते आठवा आणि काढा.”

खिडकी त्याला आठवली. आपण काय म्हणालो, ते आठवलं नाही. ते कबूल करणं जिवावर आलं. आणि अशा वेळी काय करायचं ते हाताला पाठ होतं. जे ऐकू आलं नाही ते आपल्या मनाने भरायचं नाही. तेवढी जागा कोरी सोडायची, पुढचं उतरवायचं, नंतर विचारून भरायची. त्याने भुवयांच्या खाली जागा सोडली आणि विचारलं, “केस?”

“केस पांढरे. मागे बांधलेले. झालं एवढंच.”

त्याने केस काढले. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि सवयीने सही केली.

८

सही पूर्ण झाली तेव्हा समोर खुर्ची करकरली.

“मान अवघडली बाई,” ती म्हणाली. “किती वेळ बसवलंत.”

तो कागदाकडेच बघत होता. समोर काहीतरी हललं. अंबाडा बाजूला गेला, कान आला, मग गालाची कड. उतरलेला गाल. त्याने सावकाश वर बघितलं. इतक्या सावकाश त्याने आयुष्यात कशाकडेही बघितलं नव्हतं.

मोठं कपाळ होतं, मधोमध उभी आठी. भुवया विरळ, उजवी किंचित वर. बसक्या शेंड्याचं नाक, ओठावर तीळ, तिच्या डाव्या बाजूला. ती हसत होती, आणि चढलेला दात दिसत होता. हनुवटीखाली टाक्याची खूण होती. सगळं तिनेच सांगितलं होतं, आणि त्याला ते सगळं ओळखीचं वाटलं.

भुवयांच्या खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांपर्यंत काही नव्हतं. खड्डे नव्हते, जखम नव्हती. टाचण्यांनी बसवलेल्या कागदासारखी ती जागा स्वच्छ होती.

“आता तरी जमलं ना तुमचं?” ती म्हणाली आणि चाचपडल्यासारखा हात टेबलावरून कपाकडे नेला. “चहा ठेवू?”

त्याने टाचण्या काढल्या नव्हत्या. कागद हलवला नाही. ती उठणार तेवढ्यात त्याने तिचा हात धरला. हात कोमट होता, भाजल्याच्या डागासकट तिचाच होता.

“बस,” तो म्हणाला. “डोळे राहिलेत.”

“मग आठवलं तुम्हाला?” तिने विचारलं. आणि तो चेहरा किंचित वर होऊन त्याच्या दिशेने वाट बघत राहिला.

त्याने पेन्सिलीला टोक काढलं. दुपार अजून बरीच होती. मग एका हाताने तिचा हात तसाच धरून, समोर मूळ प्रत नसताना आणि सांगणारं कोणी नसताना, त्याने कोऱ्या जागेवर पेन्सिल टेकवली.